नांदुरीला अडकलेलं नाव

आमच्या मेटाडोरमध्ये माणसांपेक्षा वायरी जास्त असायच्या. पुढे ड्रायव्हरशेजारी मॅडम, म्हणजे आमच्या कार्यक्रम अधिकारी. मागे दोन बाकांवर गाणारे, तबलजी, पेटीवाले, नकला करणारे एक गुरुजी आणि मी. आमच्या पायांत केबलची भेंडोळी. त्या भेंडोळ्यांवर आमचा तंत्रज्ञ स्वतः बसायचा, कारण दुसऱ्या कुणाचा पाय केबलला लागलेला त्याला खपत नसे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकच्या एका शाळेत कारकून होतो आणि महिन्यातून एकदा रेडिओचा निवेदक. केंद्राचा एक फिरता कार्यक्रम होता. दर महिन्याला एक गाव, तिथलं सभागृह, आणि रविवारी सकाळी अकरा ते बारा थेट प्रसारण. गाणी, नकला, गावकऱ्यांशी गप्पा, आणि शेवटी बायकांचे उखाणे. थेट म्हणजे सभागृहातला आवाज टेलिफोनच्या तारेनं नाशिकला जायचा आणि त्याच क्षणी घराघरांत ऐकू यायचा. बाराला बातम्या असत. त्याआधी ठरल्या सेकंदाला स्टुडिओ आमची तार काढून घ्यायचा, मग आम्ही बोलत असू किंवा नसू.

त्या कार्यक्रमाचा मला अभिमान आहे. हरसूलला एक म्हातारी स्टेजपाशी आली, माईकला बोट लावून म्हणाली, "ह्याच्यातून माझ्या लेकीला आयकू जाईल?" लेक पेठच्या बाजूला दिली होती. मी म्हटलं, तिच्याकडे रेडिओ लावला असेल तर जाईल. म्हातारी माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन ओरडली, "बाय, मी बरी हाय!" आणि खाली जाऊन बसली. तेवढंच. अशा कामात आपला वाटा असावा, ही मोठी गोष्ट होती, आणि कारकुनाच्या आयुष्यात ती मला मिळाली होती.

म्हणूनच कळवणची गोष्ट लिहायला इतकी वर्षं लागली.

दिवाळीनंतरचा कार्यक्रम कळवणला होता. मंगल कार्यालय गच्च भरलेलं. बाहेर ट्रॅक्टर उभे करून माणसं खिडक्यांतून बघत होती. उखाण्यांसाठी पाच बायका निवडल्या होत्या. पाचवी होती तिशीतली एक बाई, नवरा एसटीत कंडक्टर. कार्यक्रमाआधीच बाकीच्या बायका मला सांगत होत्या, "हिला शेवटी ठेवा हो. गावातली अर्धी लग्नं हिच्या उखाण्यांवर पार पडलीत." नवीन नवरी असली की तिच्यासाठी उखाणा हीच बाई रचून द्यायची. ती स्वतः फार बोलली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांची ड्यूटी नाशिकला हाय आज. डेपोच्या कँटीनमध्ये रेडिओ लावून बसणार हायेत."

चार उखाणे झाले. माझ्या हिशेबाप्रमाणे पाचव्यासाठी भरपूर वेळ होता. त्याच वेळी मी एक विनोद सांगितला. नवरदेव पाठ केलेला उखाणा विसरतो आणि घाबरून सासऱ्याचंच नाव घेतो, असा काहीतरी. लोक हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक होऊन जाऊ द्या!" समोर मॅडम मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होत्या. तंत्रज्ञानं कानावरचा हेडफोन काढून माझ्याकडे डोळे वटारले. मला दोघंही दिसत होते. तरी मी आणखी एक सांगितला. हसू इतकं वाढलं की ते ओसरेपर्यंत थांबावं लागलं, आणि खरं सांगायचं तर मला ते ओसरायलाच नको होतं.

मग ती बाई माईकसमोर आली. नवऱ्याच्या गाडीचाच रस्ता तिनं उखाण्यात घेतला होता. नाशिक ते कळवण, एकेका थांब्याला एकेक ओळ.

"नाशिकच्या स्टँडला गाडी लागली, गर्दी झाली फार,
दिंडोरीला माळीण चढली, डोईवर द्राक्षांचा भार,
वणीला गाडी थांबली, चहा झाला गार,
नांदुरीला हात जोडले, गडाला नमस्कार..."

प्रत्येक थांब्याला बायका टाळ्या पिटत होत्या, आणि ती टाळ्या थांबायची वाट बघून पुढची ओळ घेत होती. उखाण्यात नाव शेवटी येतं. ती नांदुरीला होती. कळवण अजून दोन ओळी लांब होतं. तंत्रज्ञानं हात वर करून बोटं मिटायला सुरुवात केली. पाच, चार. मी माईक तिच्या तोंडासमोरून काढून घेतला आणि म्हटलं, "श्रोतेहो, आजचा कार्यक्रम आपण इथेच संपवत आहोत, नमस्कार." तार गेली.

तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. एक बाई खालून म्हणाली, "घे ना गं, आम्ही आयकतो." तिनं मान हलवली. "माईक गेला ना. ज्याला आयकवायचं तो तिकडं हाय." ती पायऱ्या उतरून गेली.

परतताना तंत्रज्ञ केबलवर बसल्या बसल्या म्हणाला, "तिच्यासाठी सव्वा मिनिट होतं. तू खाल्लंस." मी म्हटलं, "बाईंनी लांबवलं." पेटीवाले हो म्हणाले. गुरुजी हो म्हणाले. एवढ्या लोकांनी हो म्हटल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं.

पुढच्या महिन्यात मी प्रसारणात एक वाक्य वाचलं, स्वतःच लिहिलेलं. "वेळेअभावी गेल्या कार्यक्रमात एका भगिनीचा उखाणा अपुरा राहिला, याबद्दल दिलगीर आहोत. भगिनींनी उखाणे आटोपशीर ठेवावेत, ही विनंती." वेळेअभावी. रेडिओतला हा आमचा फार सोयीचा शब्द. त्यात कुणाचंच नाव येत नाही.

माघ महिन्यात मी अभोण्याला मावशीकडे चाललो होतो. कंडक्टर तिकीट फाडायला आला. मी म्हटलं, "एक अभोणा." त्याचा हात थांबला.

"रेडिओवाले ना तुम्ही?"

"हो."

"मग नांदुरीलाच उतरा की. आमची गाडी दिवाळीपासून तिथंच उभी हाय."

मला काही कळलं नाही. तो हसत पुढे गेला. सगळी तिकिटं फाडून झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्या रविवारी नाशिकच्या कँटीनमध्ये सगळे ड्रायव्हर-कंडक्टर रेडिओभोवती जमले होते. चुरचुर ऐकू येते म्हणून कँटीनवाल्यानं भजी तळणं थांबवलं होतं. "आणि आमची मंडळी आली बरोबर नांदुरीपर्यंत, आन् तुमचा नमस्कार! तवापासून डेपोत मला कोणी नावानं हाक मारीत नाय. नांदुरीच म्हणतात. कंट्रोलरसाहेब माईकवरून सुद्धा, 'नांदुरी, चला, तुमची गाडी लागली.' एक ड्रायव्हर तर म्हणतो, स्टेपनी पाठवू का?"

मीही हसलो. मग तो खिडकीबाहेर बघायला लागला.

"माझं काय, मी सोडून देतो. तिचं बेकार झालं. गावातल्या पोरी तिच्याकडून उखाणे न्यायच्या. आता बाया म्हणतात, तिच्याकडं नको, तिचं लय लांबतं, नावापर्यंत पोचतच नाय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी आग्रह केला. ती म्हणाली, आधीचं पुरं झालं नाय, दुसरं घेणार नाय. उठून घरी आली. पण तुमच्या रेडिओनंच सांगितलं ना, आटोपशीर ठेवा म्हणून. मग चूक तिचीच म्हणायची."

त्या वेळी बोलायला हवं होतं. शेजारी तो, समोर रिकामा रस्ता, घाईही काही नव्हती. मी म्हणालो, "थेट प्रसारणात वेळेचं फार बंधन असतं."

"ते बी खरंच," तो म्हणाला आणि उठला. नांदुरीला त्यानं घंटीची दोरी ओढली. माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी केंद्रावर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. विनोद, सव्वा मिनिट, ते वाक्य, बसमधलं गप्प राहणं. मला वाटलं होतं, त्या मला कार्यक्रमातून काढतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"घड्याळ दाखवत होते मी तुम्हाला."

"दिसत होतं, मॅडम."

"येवल्याचा कार्यक्रम चैत्रात आहे. त्या बाईंना पत्र मी लिहिते. रेडिओवर काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि लिहून आणू नका. लिहून आणलं की तुम्ही फार छान बोलता."

येवल्याचं सभागृह विणकरांच्या वस्तीलगत होतं. मागांची खटखट माईकमध्ये येते म्हणून तंत्रज्ञ सकाळीच घरोघर जाऊन विनवणी करून आला होता. "तासभर माग बंद ठेवा, रेडिओ आहे." माग बंद झाले आणि विणकर घरच्या सगळ्यांना घेऊन सभागृहात आले. कळवणहून ती दोघं मनमाडला गाडी बदलून आली होती. बाई पहिल्या रांगेत बसली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. नवरा गणवेशात नव्हता, त्यामुळे थोडा परका दिसत होता. डेपोत आणि कळवणला लोक रेडिओ लावून बसलेत, एवढं त्यानं मला हळूच सांगितलं.

उखाण्यांची वेळ आली. मी म्हणालो, "श्रोतेहो, कळवणच्या कार्यक्रमात एका ताईंचा उखाणा नावाच्या आधीच तुटला. वेळेअभावी तुटला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ताईंनी लांबवलं नव्हतं. त्यांच्यासाठी ठेवलेला वेळ मी माझ्या विनोदांत घालवला, लोक हसत होते म्हणून. वर त्यांनाच आटोपशीर बोला म्हणालो. चूक माझी होती. त्या आज इथे आहेत."

कानातल्या हेडफोनमध्ये स्टुडिओतल्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. बाई वर आली. मी माईक तिच्या हातातच दिला. आमच्याकडे तसं करत नसत, माईक निवेदकानंच धरायचा असा नियम होता. तिनं तो नीट धरला आणि म्हणाली,

"पहिल्यापासून नाय घेत. गाडी नांदुरीला उभी हाय, तिथूनच सोडते."

येवल्याच्या बायका हसल्या. तिनं पदर सारखा केला.

"अभोण्याला गाडी रिकामी, प्रवासी उरले चार,
कळवणला..."

इथे ती थांबली. कुणी टाळी वाजवली नाही. मग तिनं नाव घेतलं. मोठ्यानं, स्वच्छ, पुढे राव लावून. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते घ्यायचा मान तिचा. त्याच दमात तिनं शेवट केला,

"...रावांचं नाव घेते, आता मोकळं करा दार!"

टाळ्या पडल्या. खाली कंडक्टर उभा राहिला, काय करावं हे न सुचून पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला. शेजारच्या म्हाताऱ्या विणकरानं त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बसा आता, पोचली गाडी." त्या घटकेला मला आमच्या रेडिओचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता. आपली चूकही तो त्याच आवाजात, तितक्याच घरांत पोचवू शकत होता.

चहाच्या वेळी मी तिच्यापुढे गेलो. "ताई, माफ करा."

"रेडिओवर बोललात, गावानं आयकलं. बरं केलंत," ती म्हणाली. "पण मधल्या काळात तीन पोरींची लग्नं झाली. तिघी दुसरीकडं गेल्या उखाण्याला. एकीला तर शाळेच्या पुस्तकातली कविताच लिहून दिली कोणी. ती तीन लग्नं आता कशी भरून काढायची?"

मी हातातला कप खाली ठेवला.

माझा चेहरा बघून नवरा म्हणाला, "अगं, जाऊ दे की."

"जाऊ देते. पण ह्यांनी वैशाखात यायचं. माझ्या नणंदेचं लग्न हाय. पन्नास बाया नाव घेणार. माईक धरायला माणूस पायजे, आणि तोंड बंद ठेवणारा पायजे."

मी गेलो. तंत्रज्ञानं स्वतःहून आपला माईक आणि स्पीकर बरोबर दिला आणि तोही आला. भर दुपारी मांडवात मी माईक धरून उभा होतो आणि एकेक बाई पुढे येत होती. कुणी चार ओळींत आटपत होती, कुणी सगळ्या सासरची नावं गुंफत होती. एका आजीबाईंनी मध्येच विसरून पहिल्यापासून दोनदा सुरुवात केली. मी हात हलवला नाही. दोन लग्नाळू मुली कंडक्टरच्या बायकोला मांडवाच्या खांबाआड घेऊन कानात काहीतरी विचारत होत्या, आणि ती बोटांवर ओळी मोजून त्यांना सांगत होती. माझं लक्ष तिकडे गेलं, तेवढ्यात तिनं तिथूनच मला हाक मारली.

"ओ रेडिओ! माईक जरा खाली घ्या. ती बुटकी हाय, तिचा आवाज वरून चाललाय."

मी माईक खाली घेतला.