राणीनं माफी मागितली तो आठवडा

सुरतेत, भेस्तानच्या आमच्या खोलीत संध्याकाळी टीव्ही लागला की सासूबाई आणि मी साड्यांना खडे चिकटवायला बसतो. दिवसातला हाच आमचा सुखाचा वेळ. तेव्हा एक मालिका लागायची, जुन्या राजेरजवाड्यांची, प्रेमाबिमाची. तिच्यातली राणी भलतीच तिखट. थापा मारायची, रुसून जेवायची नाही, भर दरबारात नवऱ्याचं म्हणणं खोडून काढायची. सासूबाई तिला रोज शिव्या घालायच्या. "बाई आहे का कोण ही? हिला सासू नव्हती वाटतं," म्हणता म्हणता हातातला खडा हातातच राहायचा आणि साडीवरचा गोंद सुकून जायचा. पण जाहिराती लागल्या तरी जागच्या हलायच्या नाहीत. मला मात्र राणी आवडायची. माझी जीभही तसलीच. लग्नाआधी आई बजावून बजावून थकली होती.

त्या जिभेनंच घोळ केला. अमळनेरहून सासऱ्यांचे थोरले भाऊ आले होते. मला दोन्ही मुलीच. जेवता जेवता काका म्हणाले, "घराला वारस नाही. दोष बाईतच असतो." माझ्या डोक्यात तिडीक गेली. भाकरी वाढता वाढता मी म्हटलं, "मुलगा का मुलगी ते बापाकडून ठरतं, काका. दहावीच्या पुस्तकात आहे." काका ताटावरून उठले ते तसेच उधन्याला लेकीकडे निघून गेले.

सासऱ्यांनी फर्मान काढलं. रविवारी काका येतील तेव्हा डोक्यावर पदर घेऊन पाया पडायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची, नाहीतर सासरे माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. नवरा म्हणाला, "मागून टाक ना. तुझं काय जातं?" काय जातं ते मलाच ठाऊक. माझ्या दोन्ही मुली समोर बसून ऐकणार होत्या की त्या जन्मल्या ही त्यांच्या आईची चूक. सासूबाईही म्हणाल्या, "मिटव बाई." मग मी हो म्हटलं, पण आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी मालिकेत राणी वठणीवर आली. राजा खोटा आहे हे सगळ्या दरबाराला माहीत, तरी हीच गुडघे टेकून रडली, चुकलं म्हणाली. वर गोड संगीत. मला वाटलं, सासूबाई आता खूश होतील, इतके दिवस त्यांना हेच तर हवं होतं. त्यांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"चांगली बाई बिघडवली मेल्यांनी," म्हणाल्या. एवढ्या दुःखातही मला हसू फुटलं. त्या काही हसल्या नाहीत. खाली मान घालून खडे चिकटवत राहिल्या.

रविवारी काका आले, खुर्चीत बसले. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाई बोलत नाही, त्यामुळे सासूबाई नेहमीसारख्या स्वयंपाकघराच्या पडद्याआड. मी पदर घेतला, वाकले, काकांच्या पायांना हात लावला. सासरे म्हणाले, "हं, बोल आता." मुली बघत होत्या.

तेवढ्यात पडदा सरकला. सासूबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, नजर फरशीवर.

"पाया पडली, तेवढं बस झालं. खोटं नही बोलनी ती, दादा. मला पहिल्या तीन पोरी झाल्या तेव्हा तुम्ही हेच म्हणाले होते, अन् मी ऐकून घेतलं."

काकांनी पाय मागे घेतले.

लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूबाई काकांशी बोलल्या त्या पहिल्यांदाच.