आधी आबा, मग गाय

“थांब गो, आधी मी बघतो,” असं गायीला सांगून आबा पेंढ्याची एक काडी तोंडात घालायचे आणि डोळे मिटून चावायचे. मग मान हलवायचे. तेव्हा कुठे भारा गायीपुढे पडायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मी एवढं एकच पाहिलं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पोलादपूरला गुरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक होतो. आबा मला डॉक्टर म्हणायचे, आणि मीही फारसं कधी नाकारलं नाही. त्यांचं घर कशेडी घाटाच्या पायथ्याला. मुलगा बिरवाडीला खोली घेऊन कारखान्यात लागलेला. घरी आबा, सून आणि एक गावठी गाय.

नुसत्या भाताच्या पेंढ्यानं गायीचं पोट भरतं, पण तो पचत नाही, अंगी लागत नाही. दर वैशाखात ती बसायची, आणि मग चार माणसांनी धरून उठवावी लागायची.

“यंदा बसली तर उठायची नाय,” आबा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झालेला मी तेव्हाच ऐकला.

मी उपाय सांगितला. पेंढ्यावर युरियाचं पाणी शिंपडायचं, ढीग प्लास्टिकखाली एकवीस दिवस गच्च दाबून ठेवायचा. आत उग्र वासाचा वायू कोंडतो, काडी मऊ पडते, गायीला पचते. मध्ये मात्र उघडायचं नाही.

“युरिया भाताला घालतात, ठावं हाय. पन गायीला?”

“काडी भाताचीच ना, आबा?”

हे त्यांना पटलं.

नेमका मध्ये शिमगा आला. पालखी अंगणात आली, मागोमाग मुंबईकर आले, आणि आबांना राहवलं नाही. ‘सरकारी पेंढा’ म्हणून ते ज्याला त्याला प्लास्टिकचा कोपरा उचलून वास द्यायचे. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं की खूश. एकविसाव्या दिवशी मी उघडलं तर वास नावाला नव्हता, आणि पेंढ्याला बुरशी चढली होती.

“वास सगळा वाडीनं नेला,” आबा हसून म्हणाले. मग तो ढीग त्यांनी स्वतःच उकिरड्यावर नेऊन टाकला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी प्लास्टिकच्या कडा शेणामातीनं लिंपल्या आणि ढिगासमोर खाट टाकली. कुणी आलं की म्हणायचे, “वास नाय भेटायचा. बस, चहा घे.”

हा पेंढा मऊ निघाला. तासभर वारा दिल्यावर आबांनी सवयीनं काडी तोंडात घातली. मी रागावलो.

“माजे दात चार, तिची पोटं चार,” ते म्हणाले. “मला जमलं तर तिला जमंल.”

त्या वैशाखात गायीला एकदाही हात लावून उठवावं लागलं नाही. आबा वाडीभर सांगत सुटले, मी साहेबांना.

काही वर्षांनी आबा गेले. तिसऱ्या दिवशी सून दवाखान्यात आली. “डॉक्टर, गाय दोन दिस पेंढ्याला तोंड लावत नाय.”

मी जाऊन तपासलं. ताप नाही, पोट ठीक, पेंढाही चांगला. गाय मात्र पेंढ्याकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. मला कळायला अंमळ वेळच लागला. मग मी एक काडी उचलली, तिच्यासमोर चावली आणि मान हलवली. काडी कडू होती. गायीनं खाली तोंड घातलं. माझे डोळे भरून आले.

“तुमाला रोज यायला जमायचं नाय,” सून म्हणाली, आणि वाकून तिनं एक काडी उचलली.