त्याच कापडाचा धागा

ऑफ तासाला आमच्या स्टाफरूममध्ये कुणी पेपर तपासायचं, कुणी प्राचार्यांच्या नावानं बोटं मोडायचं. निकम मॅडम रफू करायच्या. स्वतःचे कपडे संपले की आमचे मागून घ्यायच्या. शिपायाच्या स्वेटरपासून माझ्या लग्नातल्या शालूपर्यंत त्यांच्या सुईखालून न गेलेलं कापड आमच्या कॉलेजात विरळाच. बाजारचं रीळ मात्र त्यांनी कधी वापरलं नाही. काठाच्या दुमडीतून धागा ओढून काढायच्या. "धागा त्याच कापडाचा हवा," म्हणायच्या, "नाहीतर ते ठिगळ."

शिकवायच्याही तसंच. मी रसायनशास्त्राची, पण त्यांचा जनुकशास्त्राचा तास शेजारच्या वर्गात असला की ऐकत बसायचे. डीएनए तुटला की पेशी आधी विभाजन थांबवते, त्या सांगायच्या. घाईत दोन टोकं नुसती चिकटवली तर मधली अक्षरं गळू शकतात. पण नक्कल तयार झालेली असेल, तर पेशी ती जुळी प्रत शेजारी धरते आणि तिच्यावरून गेलेला मजकूर उतरवून घेते. "त्या प्रतीला शास्त्रात बहीण म्हणतात. तुटलं की आधी थांबायचं, मग बहिणीकडे बघायचं." मुलं हसायची. त्या हसायच्या नाहीत.

त्यांची थोरली बहीण सुमन चांदवडला दिलेली. मॅडमनी लग्न केलं नाही. सगळी माया सुमनताईंवर आणि त्यांच्या वैशालीवर. सुमनताई स्तनाच्या कॅन्सरनं गेल्या. आईही त्यानंच गेलेली. दहाव्याला रामकुंडावर मी मॅडमच्या सोबतीला होते. विधी आटोपले आणि मॅडम सगळ्या पाहुण्यांसमोर मेहुण्यांना म्हणाल्या, "दाजी, दुरुस्ती करणारं जनुकच बिघडलेलं असेल आमच्याकडे. माझ्यातही असेल, वैशालीतही. तिला दरवर्षी डॉक्टरला दाखवत जा."

वैशालीला पसंत करून गेलेली मंडळी तिथंच उभी होती. जन्मभर 'आधी थांबा' शिकवणाऱ्या बाईंना त्या दिवशी थांबता आलं नाही.

"लय शिकली म्हणून माझ्या पोरीच्या रक्तात खोट काढती का?" दाजी ओरडले. "आता आमच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाय!"

सोयरीक मोडली. मॅडमचं चांदवड कायमचं तुटलं. दिवाळीत कॉलेज ओस पडायचं, तेव्हाही त्या प्रयोगशाळेत यीस्टच्या बशा बघत बसायच्या. मी फराळाला बोलवायचे. येऊन चकली खायच्या, छान झालीय म्हणायच्या, आणि माझ्या मुलींची भांडणं बघत राहायच्या. फार एकट्या पडल्या होत्या. मला ते बघवायचं नाही.

"बोलायला नको होतं का हो?" एकदा मी विचारलं.

"जागा चुकली," त्या म्हणाल्या. "बोलणं नाही. वैशालीनं ऐकलं असलं म्हणजे झालं." आणि सुमनताईंची फाटकी हिरवी साडी पुढ्यात ओढली.

पुढे आजारानं त्यांनाही गाठलं, पण अंडाशयात. ते जनुक बिघडलं की तिथंही धोका असतो, आणि तिथं तो उशिरा कळतो. त्या गेल्या तेव्हा मी चांदवडला फोन केला. "बरं," दाजी म्हणाले आणि फोन ठेवला. अग्नी आमच्या विभागप्रमुखांनी दिला.

काही महिन्यांनी एक बाई मॅडमना शोधत स्टाफरूममध्ये आली.

"मी वैशाली. ओझरला दिलीय मला. मावशी कुठं भेटेल?" मी तोंड उघडायच्या आत ती भरभर बोलू लागली. "वडलांनी शपथ घातली होती, मावशीशी बोलायचं नाही म्हणून. पण दहाव्याला ती बोलली ना, तेव्हापासून दरवर्षी दाखवते मी. कुणाला न सांगता. ह्या खेपेला बारीक गाठ सापडली. काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. म्हटलं, आता शपथ गेली खड्ड्यात."

मी तिला बसवलं आणि सांगितलं. ती बराच वेळ रडली. मग मी मॅडमच्या कपाटातून हिरवी साडी काढून दिली.

"ही आईची," ती म्हणाली. "खिळ्याला अडकून हातभर फाटली होती." तिनं साडी उलगडली, बोटांनी चाचपली, उजेडात धरली. फाटलेली जागा तिला सापडेना.

साडी पोटाशी धरून तिनं मला विचारलं, "मी ऐकलं, हे मावशीला कळलंच नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.