मनूला उचलताना

बहिणीच्या चार वर्षांच्या मनूचे हातपाय जन्मापासून ताठ आहेत. आज तिला व्यायामाच्या केंद्रात मी नेलं. व्यायाम संपल्यावर निघायच्या घाईत तिच्या काखांत हात घालून तिला गादीवरून सरळ उचलायला गेलो, तर ती काठीसारखी ताठली, पायांची कात्री झाली.

“ओढू नका, मामा,” व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या. “कुशीवर वळवा, गुडघे दुमडा आणि थांबा.”

मी तिला कुशीवर वळवलं. किती थांबायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मला थांबता कुठे येतं? घरात सगळ्यांशी मी असाच वागतो. आधी ओढतो, मग समोरचा ताठला की चिडतो.

कधीतरी माझी बोटं सैल पडली आणि मनूचे गुडघे हळूच दुमडले. तेवढ्यात बाहेर आमच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. माझी बोटं पुन्हा आवळली, हे माझ्याआधी मनूला कळलं.