उंबऱ्यात सरकवलेलं ताट

आमचं गाव धरणात गेलं, आम्हाला नव्या वसाहतीत प्लॉट मिळाला, आणि त्याच वर्षी मी बाळंत झाले. माहेरी आई नव्हती, त्यामुळे पहिलंच असूनही बाळंतपण सासरी. सासर म्हणजे विटांच्या दोन खोल्या, पुढे रिकामं अंगण आणि पत्र्याचं फाटक. रस्ते रुंद, दिवे नवे. बघायला आलेले पाहुणे म्हणायचे, नशीब काढलंत. त्यांना काय, चहा पिऊन परत जायचं होतं.

सासूबाई माळकरी. सव्वा महिना बाळंतिणीला शिवायचं नाही, हा त्यांचा नेम. सकाळी मला आणि बाळाला न्हाऊ घालून शेकायच्या, मग स्वतः डोक्यावरून पाणी घ्यायच्या आणि दिवसभर लांब राहायच्या. जेवणाचं ताट उंबऱ्यात सरकवलं की स्वयंपाकघरात निघून जायच्या. नवरा शेगावला एका लॉजवर कामाला. सकाळी गेला की अंधार पडल्यावरच परत.

हा नेम जुन्या गावातही होता आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तिथे दोन घरांच्या मध्ये छातीएवढी मातीची भिंत. शेजारची बाळंत झाली तेव्हा गल्लीतल्या आम्ही सगळ्या दुपारी आपापली भाकर घेऊन भिंतीच्या अलीकडे बसायचो, ती पलीकडे. कोणी कोणाला शिवत नव्हतं, नेम जागच्या जागी. तोंडं मात्र चालू. कोणी आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करायची, कोणी नणंदेची. हसता हसता ती बया दोन भाकरी कधी संपवायची, तिचं तिलाही कळायचं नाही.

इथे प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. आमची गल्ली चार टोकांना पांगली. तरी बायकांनी रीत सोडली नाही. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी खसखशीची खीर. फाटकाशी उभं राहून विचारायच्या, "कशी हाये व सून?" सासूबाई म्हणायच्या, "बरी हाये." डबा ओट्यावर ठेवून बाई परत. मला आतून फक्त फाटकाची कडी ऐकू यायची.

लाडवांनी डबे भरले आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. भूक नव्हती असं नाही. ताट पुढे ओढलं की मी भिंतीकडे बघत बसायची आणि भाकर वाळून जायची. इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि मांडीवर तर लेकरू होतं. हे कोणाला सांगणार? खायला घालणारं घर, कमावता नवरा, धडधाकट पोर. लोक म्हणाले असते, हिला सुख टोचतंय. अंगावरचं दूध कमी होत गेलं. पोर ओढून ओढून थकायची, किंचाळायची. मग ती रडेनाशीच झाली आणि मी घाबरले.

अंगणवाडीच्या ताईंनी तिचं वजन केलं. वाढायच्या ऐवजी उतरलं होतं. ताई सासूबाईंना स्पष्टच बोलल्या, "मायच जेवत नाई तं लेकरू पेईन काय? असंच राह्यलं तं बुलडाण्याले भरती करा लागते."

त्या गेल्यावर सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "घरात काय कमी हाये तुले? काऊन जेवत नाई व?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "एकटीले जेवल्या जात नाई, आत्याबाई."

आता चांगलंच ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. त्या वळून स्वयंपाकघरात गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन ताटं घेऊन आल्या. उंबरा ओलांडला आणि सरळ माझ्या बाजेवर, मांडीला मांडी लावून बसल्या. मी दचकून मागे सरकले.

"आत्याबाई, माळ हाये ना तुमच्या गळ्यात!"

"तो नेम आपल्या गावातला व्हता," त्या म्हणाल्या. "हे काय आपलं गाव हाये?"

भाकर मोडून त्यांनी घास माझ्या तोंडाशी धरला. सकाळी न्हाणीच्या घाईत कधी नीट न पाहिलेला त्यांचा हात आता डोळ्यांसमोर होता. बांगड्या कोपरापर्यंत चढतील इतका वाळलेला. स्वयंपाकघरात त्याही एकट्याच बसत होत्या, आणि त्यांच्याही ताटात काय उरत होतं ते बघायला कोणी नव्हतं. मी घास घेतला. मग दुसरा मोडून त्यांना भरवला.

पोर हळूहळू भरली. आता ती वसाहतीतल्या शाळेत जाते आणि तिला हेच आपलं गाव वाटतं, वाटू दे. जुन्या गावात पाणी शिरलं त्या दिवशी सगळ्या बायका काठावर उभ्या राहून ओरडून रडल्या होत्या. सासूबाई एकट्याच सामान बांधत होत्या, त्यांच्या डोळ्याला पाणी नव्हतं. त्या दुपारी माझ्या बाजेवर, तोंडात घास असताना, त्या रडल्या.