कानाला जाणारा हात

समूहगान शिकवणाऱ्या आमच्या कॉलेजच्या बाई मूळच्या शास्त्रीय गायिका. बोलताना त्यांच्या गुरूंचं नाव निघालं, की त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जातो. मला वाटलं, हा सूर पकडायचा व्यायाम असावा. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. बाईंनी कान धरला, की मीही धरायचो.

परवा कार्यक्रमासाठी वीसजण निवडायचे होते. मी गाणार, असं आईला आधीच सांगून बसलो होतो. म्हणून बाईंचा हात कानाला जाताच मी दोन्ही कान धरले.

"अरे, तू कुणाचं नाव घेतोयस?"

"कुणाचंच नाही, बाई. सूर लागावा म्हणून."

"बाई, याला उठाबशाही काढायला लावा!" शेजारचा म्हणाला.

हसू आवरत बाईंनी सांगितलं, की गुरूंचं नाव घेताना काही चुकलं तर क्षमा असावी, म्हणून गाणारे कान धरतात. मला नवल वाटलं. आमच्याकडे कान दुसऱ्यानं धरायचा असतो, तोही चूक सापडल्यावर. इथे एवढी मोठी बाई चुकायच्या आधीच स्वतःचा धरते.

"सोड आता, आणि 'सा' लाव."

मी लावला. बाईंनी यादीत सगळ्यात खाली माझं नाव लिहिलं.

"घेते तुला. पण मागच्या रांगेत उभा राहा, आणि जरा हळू गा."

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "लाजू नको हं. चांगलं मोठ्यानं गा!"