म्हातारीचे दोन्ही कान

दुकानाचं शटर वर गेलं की काका आधी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर स्वतः बसत. समोर कॅमेऱ्यामागे कुणी नसे. तरी ते स्वतःलाच सांगत, "हनुवटी थोडी खाली. खांदे सैल. हं." मग उठून कॅमेऱ्यामागे जात आणि रिकाम्या स्टुलाकडे समाधानाने पाहत. एकतीस वर्षं, रोज. आजूबाजूचे दुकानदार त्यांना हनुवटीकाका म्हणत. मावशी तोंडावर 'अहो' म्हणायची आणि माघारी 'आमचे चौकोन'.

काकांनी आयुष्यभर फक्त ओळखपत्रांचे फोटो काढले. लग्नाचे नाहीत, सहलींचे नाहीत. हलत्या माणसाचा फोटो म्हणजे त्याची चहाडी, असं त्यांचं मत. समोरून काढलेला, पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत, दात दिसता कामा नयेत. त्यांच्या दुकानातून गेलेला एकही फोटो कुठल्याही कचेरीतून परत आला नव्हता. त्यांची मिजास म्हणाल तर एवढीच.

मावशीचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, भूमापन कचेरीत नकाशे काढायचे. ऐन तरुणपणी ते एका दूरच्या डोंगरावर एकटे चढले, तिथे त्यांनी धबधबा पाहिला आणि परत येऊन नकाशावर निळ्या शाईने बोटाच्या पेराएवढी रेघ ओढली. त्यानंतर कचेरीतलं कुणी तिकडे फिरकलं नाही. रेघेची थट्टा मात्र होत राहिली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांना एक रिकामी बाटली भेट दिली. वर चिठ्ठी, 'आपल्या धबधब्याचे पाणी'. आजोबा सगळ्यांबरोबर हसले. ती बाटली त्यांनी कधी वापरली नाही आणि फेकलीही नाही.

सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांना कचेरीची नोटीस आली. नवे नकाशे तयार होत होते आणि एक अधिकारी डोंगराच्या पायथ्याशी चौकशी करून आला होता. 'सदर ठिकाणी धबधबा नाही. स्थानिकांच्या म्हणण्यानुसार तेथे एक म्हातारी आहे. सोबतच्या अर्जावर पंधरा दिवसांत फोटो चिकटवून न पाठवल्यास धबधब्याची नोंद लेखनिकाची चूक समजून काढून टाकण्यात येईल.'

"लेखनिक?" आजोबा म्हणाले. "मी? आणि चूक?" त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावर बसले आणि तसेच उठले.

अर्ज पाहिला तर तो माणसाचा. नाव, वय, जन्मखूण, उजव्या कोपऱ्यात फोटोचा चौकोन. धबधबा निघाला काय आणि म्हातारी निघाली काय, कचेरीने दोघांसाठी एकच कागद पाठवला होता.

"जावईबापू, तुम्ही फोटो काढता ना?"

"चेहऱ्यांचे, बाबा."

"मग त्याचा चेहरा काढा."

काकांनी अर्जामागच्या सूचना दोनदा वाचल्या आणि पांढरी चादर धुवायला काढली.

"अहो, धबधबा आहे तो," मावशी म्हणाली. "त्याच्यासाठी चादर कसली धुताय?"

"सूचना क्रमांक तीन. पांढरी पार्श्वभूमी."

"आणि हे स्टूल कुठे निघालं?"

"माझ्याबरोबर."

"तो बसणार आहे का स्टुलावर?"

"तो बसणार नाही हे मलाही कळतं," काका म्हणाले. "पण स्टूल नसलं तर मी कुठे उभं राहायचं ते मला कळत नाही."

"मी येते सोबत. पडलात-बिडलात तर?"

"नको. मागे घरचं माणूस असलं की समोरचा हसतो. आणि दात दिसले की फोटो परत येतो."

तर काका एकटेच निघाले. पहाटेच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत आणि पुढे पायी. पानगळीचे दिवस होते. रान तांबूस-पिवळं झालं होतं आणि पानं घाई नसल्यासारखी एकेक करून उतरत होती. काकांनी स्टूल पाठीवर उलटं बांधलं होतं. त्याचे चारही पाय आभाळाकडे, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटावं की हा माणूस एखादं मेलेलं कोकरू घेऊन चाललाय. दोन तास चालल्यावर गवत कापणारी एक बाई दिसली.

"बाई, धबधबा कुठल्या बाजूला?"

"इथे नाही धबधबा-बिबधबा."

"नकाशात आहे."

"मग नकाशात जा." बाईने स्टुलाकडे पाहिलं. "हे कशाला? वर बसायला दगड कमी आहेत का?"

"फोटो काढायचाय. ओळखपत्राचा."

"कुणाचा? वर म्हातारीशिवाय कुणी नाही."

काकांनी पाठीवरचं स्टूल सावरलं. अधिकारी खरंच बोलला होता तर. सासऱ्यांनी जिच्यापायी जन्मभर टोमणे खाल्ले, ती रेघ म्हणजे कुणा म्हातारीचं घर.

"कशी आहे म्हातारी?" त्यांनी चाचरत विचारलं.

"आहे आपली. पावसाळ्यात नुसती बोंबलते, पार खालपर्यंत ऐकू येतं. आता थकलीय. केस विरळ झालेत."

"एकटीच असते?"

"दुकटी कशी असेल? कड्यावर जागा केवढी ती!"

"मग खाते काय?"

बाईने विळा खाली ठेवला. "अहो, पाणी आहे ते! वरून पांढरे केस सोडल्यासारखं पडतं म्हणून म्हातारी. मागे एक साहेब आले होते, तेही धबधबा, धबधबा करत होते. आम्ही म्हटलं, धबधबा नाही, म्हातारी आहे. त्यांनी लिहून घेतलं आणि गेले."

"पण ते पाणी आहे असं सांगायचं की त्यांना!"

"त्यांनी कुठे विचारलं?"

आणखी दोन तासांनी काका म्हातारीसमोर उभे राहिले. काळ्या कड्यावरून पाण्याच्या चार-पाच बटा उतरत होत्या. वारा आला की डावीकडे जात, वारा सरला की परत जागेवर येत. खाली डबक्यात लाल पानं गोल फिरत होती. काकांनी योग्य अंतरावर स्टूल ठेवलं, त्याच्या मागे कॅमेरा उभा केला आणि चादर घेऊन पाण्याच्या पाठीमागे शिरले. तिथे कपारीत मुळं होती. मुळांना कपड्यांचे चिमटे लावून त्यांनी चादर ताणली. ओलेचिंब होऊन परत आले आणि कॅमेऱ्यात पाहिलं.

कॅमेऱ्यात फक्त चादर होती. पांढऱ्यावर पांढरं पाणी कुठल्या कुठे गेलं होतं. जे पुसायला कचेरीला पंधरा दिवस लागणार होते, ते काकांनी पाच मिनिटांत करून दाखवलं होतं.

ते स्टुलावर बसले. चादर ठेवली तर फोटो नियमात, पण त्यात धबधबाच नाही. चादर काढली तर धबधबा दिसेल, पण फोटो परत येईल, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. परत आला की मुदत टळली, आणि मुदत टळली की रेघ गेली. ताटावरून तसेच उठलेले आजोबा त्यांना दिसत होते. एक पान येऊन गुडघ्यावर बसलं, ते त्यांनी झटकलं नाही. बऱ्याच वेळाने ते उठले, पुन्हा पाण्यात शिरले आणि एकेक चिमटा काढून खिशात टाकत चादर उतरवली.

आता मागे नुसता ओला काळा दगड होता, आणि त्याच्यावर ती, स्पष्ट. दोन्ही बाजूंना एकेक शेवाळलेला दगड पुढे आलेला. कान. दोन्ही दिसत होते.

"हलू नका," काका म्हणाले.

पुढचं त्यांनी फक्त मावशीला सांगितलं, तेही एकदाच. तेवढ्यापुरता वारा पडला.

मुदत संपायला दोन दिवस असताना अर्ज गेला. आजोबा रोज दाराशी खुर्ची टाकून बसत आणि टपालवाला दिसला की पेपर वाचत असल्याचं सोंग करत. महिन्याभराने पाकीट आलं. आत ओळखपत्र होतं. नाव, म्हातारी. जन्मतारीख माहीत नाही. वर्ग, ज्येष्ठ नागरिक. सोबत शेरा, 'पार्श्वभूमी काळी. या वेळेपुरते ग्राह्य.' आणि पत्त्याच्या जागी अक्षांश-रेखांश. राहत्या व्यक्तीचा पत्ता नकाशातून पुसता येत नाही असा नियम असल्यामुळे निळी रेघ होती तिथेच राहणार होती.

"म्हणजे धबधबा आहे असं काही ते म्हणाले नाहीतच," मावशी म्हणाली.

आजोबा भिंग घेऊन पत्ता वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचला. "आकडे माझेच आहेत," ते म्हणाले. "त्यांना काय म्हणायचं ते म्हणू दे. जागा चुकली नव्हती माझी." त्या दिवशी त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

पुढच्या पानगळीत कचेरीचं पत्र आलं, पण या खेपेला म्हातारीच्या नावाने. ज्येष्ठ नागरिकांनी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो. सोबत अलीकडचा फोटो. न दिल्यास व्यक्ती मृत समजून पत्ता रद्द.

मग काका दरवर्षी जाऊ लागले. चादर घरी राहायची, स्टूल बरोबर असायचं. परत आले की मावशी विचारायची, "कशी आहे तुमची ती?"

"यंदा खंगलीय जरा."

"लोकांचे नवरे चोरून जातात. आमचे दिवसाढवळ्या, स्टूल घेऊन."

"अगं, तिचं वय तरी बघ."

पाचव्या वर्षी डॉक्टरांनी काकांना चढ चढायला मनाई केली. आजोबांनी त्यांना जवळ बोलावलं. "राहू द्या, जावईबापू. पुसली तर पुसली. मी बघितलंय, तुम्ही बघितलंय. पुष्कळ झालं."

"मुदत सोमवारी संपतेय, बाबा," काका म्हणाले आणि शनिवारी गेले.

त्या दिवशी ते डोंगरावरून थेट दुकानात आले. फोटो छापला, कापला, अर्जावर चिकटवला आणि टपालपेटीत टाकूनच घराकडे वळले. दाखला मंजूर होऊन आला तेव्हा पाकीट आजोबांनी फोडलं, कारण काका त्या शनिवारीच वारले होते, दिवेलागणीला, जेवण व्हायच्या आधी. निळी रेघ नकाशात अजून आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी मावशीने दार उघडलं तेव्हा काका पायरीवर बसून बूट काढत होते.

"मोजे ओले आहेत," ते म्हणाले. "आत आणत नाही."